कोअर आय३-१२१००एफ की रायझन ५ ५५००? स्वस्तातल्या दोन प्रोसेसरांची तुलना स्वतः मोजून कशी करायची

कमी बजेटचा पीसी असेंबल करायला निघालं की कोटेशनमध्ये ही दोन नावं हटकून समोरासमोर येतात: इंटेलचा कोअर आय३-१२१००एफ आणि एएमडीचा रायझन ५ ५५००. दोन्ही २०२२ चे, पहिला जानेवारीतला आणि दुसरा एप्रिलमधला. एकात ४ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), दुसऱ्यात ६. बरेच जण एवढ्यावरच निकाल लावून मोकळे होतात. पण या जोडीत काही कामांत चार कोअरवाला स्पष्ट पुढे असतो आणि काही कामांत सहा कोअरवाला. तुमचं काम कोणत्या बाजूला पडतं हे डब्यावर छापलेलं नसतं, ते मोजावं लागतं. मोजायची रीत एकदा समजली की ती पुढच्या कुठल्याही दोन प्रोसेसरांना लागू पडते.

आधी कागदावरचे आकडे नीट वाचा

आय३-१२१००एफमध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं) आहेत. बेस क्लॉक ३.३ आणि टर्बो ४.३ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) १२ एमबी. रायझन ५ ५५०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड, ३.६ ते ४.२ गिगाहर्ट्झ आणि १६ एमबी एल३ कॅश. क्लॉक जवळजवळ सारखा दिसतो, म्हणून प्रत्येक कोअर सारख्याच ताकदीचा असणार आणि सहा चारांना भारी पडणार, असा हिशोब मनात तयार होतो. इथेच पहिली चूक होते. क्लॉक फक्त सेकंदाला किती ठोके पडतात ते सांगतो, एका ठोक्यात किती काम उरकतं ते सांगत नाही. आय३मध्ये अल्डर लेक पिढीचे मोठे कोअर आहेत, म्हणजे त्याच पिढीच्या आय९-१२९००के मध्ये जे मोठे कोअर आहेत तेच, फक्त संख्येने कमी. रायझनमध्ये २०२० साली आलेली झेन ३ रचना आहे. सारख्या क्लॉकवर इंटेलचा एक कोअर एएमडीच्या एका कोअरपेक्षा जास्त काम करतो.

दुसरा चकवा ५५०० या नावात आहे. हा रायझन ५ ५६०० चा थोडा हळू भाऊ असावा असं वाटतं, पण आतली चिप वेगळी आहे. ५५०० म्हणजे ५६००जी या प्रोसेसरचीच चिप, अंगचं ग्राफिक्स बंद केलेली. म्हणून त्यात एल३ कॅश १६ एमबी आहे, तर ५६०० मध्ये ३२. शिवाय पीसीआयई, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला जोडणारा मार्ग, ५५०० मध्ये ३.० वरच थांबतो, ५६०० ला ४.० मिळतं. गेममध्ये हा फरक जाणवतो. ५६०० चे रिव्ह्यू वाचून ५५०० विकत घेऊ नका.

पीसीआयईचा मुद्दा स्वस्त ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त नडतो. रेडिऑन आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं फक्त ४ लेन (त्या मार्गाच्या मार्गिका) वापरतात. ४.० च्या स्लॉटमध्ये ४ लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, ३.० मध्ये त्याच्या निम्मा. कार्डवरची ४ जीबी मेमरी भरली की उरलेलं टेक्श्चर रॅममधून याच अरुंद वाटेने ये-जा करतं आणि गेम अडखळायला लागतो. ५५०० सोबत ४.० चालवणारा बी५५० बोर्ड घेतला तरी उपयोग नाही, कारण मर्यादा प्रोसेसरची आहे. अशा कार्डवर तुलना केली तर आकडे स्लॉटचे येतील आणि दोष मात्र प्रोसेसरच्या माथी जाईल. ८ लेनच्या आरएक्स ६६०० वर हा फरक बराच सौम्य असतो.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे नवखे लोक पहिल्याच दिवशी घाबरतात: या दोन्ही प्रोसेसरांत अंगचं ग्राफिक्स नाही. ‘एफ’ अक्षराचा अर्थच तो, आणि ५५०० ला तर नावात तसं अक्षरही नाही. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली तर स्क्रीन काळीच राहणार. ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच नसेल, तर तुमची खरी तुलना साध्या आय३-१२१०० आणि रायझन ५ ५६००जी यांच्यात आहे. त्यात गेमसाठी ५६००जीचं ग्राफिक्स बरंच दमदार आहे. आय३च्या यूएचडी ७३० ला मात्र एव्ही१ व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडता येतो, ५६००जीला येत नाही.

साहित्य: प्रोसेसर आणि बोर्ड सोडून सगळं एकच

दोन्ही प्रोसेसर वेगळ्या सॉकेटचे (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक), एलजीए१७०० आणि एएम४, त्यामुळे बोर्ड बदलावाच लागतो. बाकी काहीही बदलायचं नाही. तीच रॅम, तेच ग्राफिक्स कार्ड, तोच एसएमपीएस, तोच मॉनिटर. रॅमसाठी ८ जीबीच्या दोन डीडीआर४-३२०० काड्या पुरतात. इंटेलचा बोर्ड घेताना तो डीडीआर४ चाच आहे याची खात्री करा. एच६१० आणि बी६६० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, नावं जवळजवळ सारखी असतात आणि एकाची काडी दुसऱ्यात बसत नाही.

एसएसडी एकाच मॉडेलच्या दोन असतील तर उत्तम, दोन्हींवर विंडोज स्वतंत्र आणि कोरं टाका. एकच असेल तर बोर्ड बदलल्यावर पुन्हा कोरं इन्स्टॉल करा. इंटेलवर चाललेली एसएसडी तशीच एएमडी बोर्डाला लावली तर विंडोज बहुधा सुरू होतं, पण जुने ड्रायव्हर मागे राहतात आणि मग आकडे विचित्र आले की दोष कुणाचा ते कळत नाही.

याशिवाय थर्मल पेस्टची एक ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड आणि भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर हवा. खोलीचं तापमान मोजायला साधा थर्मामीटर हवाच, त्याचं कारण पुढे येईल.

कूलर बसवणं

दोन्ही प्रोसेसरांच्या डब्यात कूलर येतो आणि त्याच्या तळाला पेस्ट आधीच लावलेली असते. ती पहिल्या बसवणीपुरतीच. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट अल्कोहोलने दोन्हीकडून पुसून काढा आणि वाटाण्याएवढी नवी लावा.

इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकच्या पुश-पिन असतात. समोरासमोरच्या दोन, मग उरलेल्या दोन, अशा दाबा आणि प्रत्येकीचा टक् आवाज ऐका. नंतर बोर्ड उलटा करून चारही पिनांची टोकं पाठीमागे पूर्ण बाहेर आली आहेत का ते पाहा. एक पिन अर्धवट राहिली तर कूलर एका कोपऱ्यात तरंगतो, प्रोसेसर १०० अंशांना टेकतो आणि क्लॉक खाली उतरतो. ‘आय३ फार तापतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हीच एक पिन असते.

एएमडीचा रेथ स्टेल्थ कूलर स्क्रूने बसतो. त्यासाठी बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या आधी काढाव्या लागतात, मात्र मागची धातूची पाटी जागेवर राहिली पाहिजे. स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे आवळा. काढताना जास्त जपा. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सुकलेल्या पेस्टमुळे कूलरसोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. काढण्याआधी पीसीवर पाच-दहा मिनिटं जड काम चालवून पेस्ट ऊबदार होऊ द्या, मग पीसी बंद करून कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवा, सैल पडला की उचला. इंटेलमध्ये उलटं आहे: पिना सॉकेटमध्ये असतात, म्हणून तिथे बोट किंवा कापड अजिबात जाऊ द्यायचं नाही.

बायोसमधल्या तीन गोष्टी

पहिली, बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती. जुन्या बी४५० बोर्डावर ५५०० लावला आणि स्क्रीन आलीच नाही, तर प्रोसेसर खराब समजू नका. बोर्डाला या प्रोसेसरची ओळखच नसते. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, तिथे कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. अपडेट करायला आधीचा जुना रायझन लागतो, किंवा बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही पेनड्राइव्हवरून काम होतं.

दुसरी, रॅमचा वेग. ३२०० च्या काड्या लावल्या म्हणून त्या ३२०० वर चालतातच असं नाही. बऱ्याच स्वस्त काड्या मुळात २४०० किंवा २६६६ वर सुरू होतात आणि एक्सएमपी प्रोफाइल चालू केल्यावरच छापील वेग गाठतात. एएमडीच्या काही बोर्डांवर त्याच सोयीचं नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर वेग दिसतो. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबवर तो निम्मा दिसतो, तिथे १६०० दिसलं की ३२०० चालू आहे. एका यंत्रावर एक्सएमपी चालू आणि दुसऱ्यावर बंद, अशी तुलना इंटरनेटवर ढिगाने सापडते आणि ती निकामी असते.

काड्या दोनच असतील आणि बोर्डाला चार स्लॉट असतील, तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. एकच काडी लावली तर मेमरी सिंगल चॅनेलवर चालते: ३२०० वर सेकंदाला ५१.२ जीबीऐवजी २५.६ जीबी. ‘आत्ता ८ ची एक घ्या, पुढे दुसरी टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. मिळणारे फ्रेम त्याने आजच कमी होतात, हे त्या सल्ल्यात कुणी सांगत नाही.

तिसरी, वीजमर्यादा आणि ओव्हरक्लॉकिंग. आय३-१२१००एफचा मल्टिप्लायर (ज्याने क्लॉक वाढवता येतो तो आकडा) बंद आहे, ५५०० चा उघडा. तुलनेसाठी दोन्ही मूळ सेटिंगवर ठेवा. एएमडीच्या बोर्डावर पीबीओ (आपोआप वेग वाढवणारी सोय) बंद करा. इंटेलने आय३साठी ५८ वॉट बेस आणि ८९ वॉट टर्बो अशी मर्यादा ठरवली आहे. बोर्ड कंपन्या ती आपल्या मर्जीने वाढवतात किंवा काढून टाकतात, पण या प्रोसेसरची भूकच कमी असल्याने निकालात फारसा फरक पडत नाही. हाच मुद्दा आय५ किंवा आय७ मोजताना निर्णायक ठरतो, हे लक्षात असू द्या.

विंडोज स्थिर होऊ द्या

दोन्हीकडे विंडोजची एकच आवृत्ती, सगळे अपडेट पूर्ण, चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर टाकलेले. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाचा पर्याय आहे. तो काही यंत्रांवर आपोआप चालू होतो, काहींवर होत नाही, आणि गेममध्ये थोडी गती खातो. दोन्हीकडे एकसारखा ठेवा. पॉवर प्लॅनही एकच.

कोऱ्या विंडोजवर पहिला काही वेळ मागे इंडेक्सिंग, डिफेंडरचं स्कॅनिंग, स्टोअरचे अपडेट असं सगळं चालू असतं. पीसी अर्धा तास नुसता चालू राहू द्या आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वापर १-२ टक्क्यांवर स्थिरावला की मगच सुरुवात करा. फुकटचा ‘ॲक्टिव्हेटर’ वापरलेल्या यंत्रावर तर मोजूच नका. त्यासोबत बऱ्याचदा काय काय येतं आणि ते मागे बसून प्रोसेसर कसा वापरतं, याचा भरवसा नसतो.

चाचण्या

सिनेबेंच आर२३ पासून सुरुवात करा. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. मल्टिकोअर चाचणी डीफॉल्टनुसार किमान १० मिनिटं पुन्हा पुन्हा चालते आणि तेच बरोबर आहे. एका फेरीचा आकडा थंड प्रोसेसरचा असतो, दहाव्या मिनिटाचा खरा. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडून सेन्सरची खिडकी चालू ठेवा आणि तीन ओळी बघा: कोअरचा इफेक्टिव्ह क्लॉक, तापमान आणि थर्मल थ्रॉटलिंगची (तापल्यामुळे वेग उतरण्याची) हो-नाही. त्यानंतर सिंगल कोअर चाचणी घ्या.

सगळं नीट असेल तर आय३चा सिंगल कोअर आकडा साधारण १६५० च्या आसपास आणि मल्टिकोअर ८३०० च्या आसपास यावा. ५५०० चा सिंगल कोअर १३५० ते १४०० आणि मल्टिकोअर १०,५०० च्या आसपास. शे-दोनशेचा फरक चालेल. पण ५५०० ने मल्टिकोअरला ८ हजारच दाखवले, तर कूलर, बायोस किंवा मागे चालणारं काहीतरी बिघडलेलं आहे. पुढे जाण्याआधी ते शोधा. आकड्यांची तुलना त्याच आवृत्तीत करा. आर२० आणि आर२३ चे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि सिनेबेंच २०२४ मध्ये तर हाच हजारांतला आकडा शेकड्यांत येतो.

सेव्हन-झिपच्या टूल्स मेनूत बेंचमार्क आहे. थ्रेडची संख्या एकदा १ आणि एकदा पूर्ण ठेवून चालवा. त्यात फाइल दाबण्याचा आणि उलगडण्याचा आकडा वेगवेगळा मिळतो. दाबताना कॅश आणि रॅमची दिरंगाई जास्त मोजली जाते, उलगडताना थ्रेडच्या संख्येचा फायदा भरपूर होतो. म्हणून एकत्रित आकड्यापेक्षा हे दोन वेगळे आकडे जास्त बोलके.

रोजच्या वापरासाठी ब्राउझरमध्ये स्पीडोमीटर ३ चालवा. वेबपान किती चटकन हलतं, टाइप केलेलं किती लवकर उमटतं, याचा तो बरा अंदाज देतो आणि मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतो. दोन्हीकडे ब्राउझरची एकच आवृत्ती हवी, एक्स्टेन्शन एकही नको.

व्हिडिओचं काम करणार असाल तर हँडब्रेक. फोनवर काढलेली ५ मिनिटांची एक ४के क्लिप घ्या, ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट निवडा आणि वेळ मोजा. एन्कोडर एक्स२६४ च आहे ना, ते डोळ्यांत तेल घालून बघा. तिथे एनव्हेंक किंवा ग्राफिक्स कार्डाचा दुसरा एन्कोडर निवडला गेला तर दोन्ही प्रोसेसर जवळजवळ सारखे दिसतील, कारण काम कार्ड करतंय. थ्रीडी शिकणाऱ्यांनी यासाठी ब्लेंडरचा अधिकृत बेंचमार्क वापरावा. तो मॉन्स्टर, जंकशॉप आणि क्लासरूम अशी तीन दृश्यं रेंडर करून मिनिटाला किती सॅम्पल झाले ते सांगतो.

आता गेम, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात. प्रोसेसर मोजायचा असेल तर ग्राफिक्स कार्डाला मोकळं ठेवावं लागतं. रिझोल्यूशन १०८०पी, सेटिंग लो, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद, फ्रेमची कमाल मर्यादा बंद. स्क्रीनवर जीपीयूचा वापर दाखवणारा ओव्हरले लावा. तो ९७-९९ टक्क्यांना टेकलेला असेल तर तुम्ही कार्डच मोजत आहात. रिझोल्यूशन ७२०पीला उतरवा. उलट बाजूने, सीपीयूचा एकूण वापर ४५ टक्केच दिसतोय म्हणजे प्रोसेसर निवांत आहे, असंही नाही. बारापैकी एक थ्रेड पूर्ण जाम असला तरी सरासरी तेवढीच दिसते.

ज्या गेममध्ये अंगचा बेंचमार्क आहे तो सोपा: सायबरपंक २०७७, फोर्झा होरायझन ५. व्हॅलोरंट किंवा सीएस२ च्या खऱ्या सामन्यात दोन फेऱ्या कधीच सारख्या नसतात, म्हणून प्रॅक्टिस मॅपवर ६० सेकंदांचा एक ठरावीक रस्ता आखा आणि दरवेळी तोच चाला. पहिली फेरी सोडून द्या, तेव्हा शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. फ्रेमची नोंद कॅपफ्रेमएक्सने घ्या. सरासरीसोबत १ टक्का लो लिहा. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम कशा होत्या, ते हा आकडा सांगतो, आणि हाताला जाणवणारा अडखळा तिथेच असतो.

गेमची चाचणी दोनदा करा. एकदा सगळं बंद ठेवून, एकदा डिस्कॉर्ड, दहा-बारा टॅब उघडलेला ब्राउझर आणि जमल्यास ओबीएसचं रेकॉर्डिंग चालू ठेवून. मोकळ्या मैदानात आय३ बहुतेक गेममध्ये ५५०० च्या पुढे राहतो. मागे गर्दी झाली की चार कोअर कमी पडायला लागतात, आणि सरासरी बरी असूनही १ टक्का लो घसरताना दिसतो. शाळकरी मुलाला फक्त खेळायचंय की खेळता खेळता स्ट्रीमही करायचंय, यावर इथला निकाल फिरतो.

शेवटी तुम्ही खरोखर वापरणार त्या सेटिंगवर, तुमच्या कार्डावर एक फेरी घ्या. लो सेटिंगवरचा मोठा फरक इथे अनेकदा गायब होतो. तसं झालं तर तुमच्यापुरते दोन्ही प्रोसेसर सारखे, आणि पैसे कार्डावर घालणं शहाणपणाचं.

उन्हाळा आणि वीज

खोलीचं तापमान प्रत्येक चाचणीशेजारी लिहा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या बंद खोलीतलं तापमान आणि जानेवारीत नाशिकच्या खोलीतलं तापमान यांत १५-२० अंशांचा फरक सहज असतो आणि तो जवळपास तसाच्या तसा प्रोसेसरच्या आकड्यात उतरतो. म्हणून ‘८२ अंश’ एवढंच सांगून काही कळत नाही, ‘खोलीपेक्षा ५० अंश जास्त’ म्हटलं की कळतं. इंटेलच्या या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे आणि ५५०० ची ९०. तेव्हा दोन्हींचं तापमान थेट शेजारी मांडण्यापेक्षा प्रत्येकाला आपल्या मर्यादेपर्यंत किती अंतर उरलं आहे ते पाहा. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी शक्य असेल तर चाचणी दुपारी घ्यावी, कॅबिनेटचं झाकण लावून.

विजेसाठी सॉफ्टवेअरवर विसंबू नका. प्रोसेसर स्वतःबद्दल जे वॉट सांगतो त्यात एएम४ च्या काही बोर्डांवर फेरफार असतो. वॉटमीटरने पूर्ण पीसीची खप मोजा, आणि नुसते वॉट न पाहता कामाला लागलेली एकूण वीज काढा. समजा एक पीसी ११० वॉट घेऊन ३०० सेकंदांत व्हिडिओ संपवतो आणि दुसरा १२० वॉट घेऊन २४० सेकंदांत. पहिल्याला ९.२ वॉट-तास लागले, दुसऱ्याला ८. जास्त वॉट घेणाराच इथे कमी वीज खातो.

आकड्यांचा हिशोब

प्रत्येक चाचणी किमान तीनदा घ्या आणि मधला आकडा लिहा. एकाच यंत्रावरच्या तीन फेऱ्यांत २ टक्क्यांचा फरक येत असेल, तर दोन प्रोसेसरांमधला ३ टक्क्यांचा फरक गृहीत धरू नका.

टक्के काढताना कोणत्या आकड्याने भागलं ते बघा. १०,५०० आणि ८३०० घेतले तर ५५०० हा आय३पेक्षा २६.५ टक्के वेगवान ठरतो, आणि आय३ हा ५५०० पेक्षा २१ टक्के हळू. दोन्ही विधानं बरोबर, पण विक्रीच्या जाहिरातीत कोणतं येईल ते सांगायला नको. वेळेच्या चाचणीतही तसंच: ३०० सेकंदांचं काम २४० सेकंदांत झालं तर वेळ २० टक्क्यांनी वाचला आणि वेग २५ टक्क्यांनी वाढला.

सगळ्या चाचण्यांची सरासरी काढायची असेल तर आधी प्रत्येकीचं गुणोत्तर काढा, मग त्यांचा गुणाकार करून जितक्या चाचण्या तितकावं मूळ घ्या (दोन असतील तर वर्गमूळ), म्हणजे भूमितीय मध्य. एका चाचणीत गुणोत्तर १.२५ आणि दुसरीत ०.८ आलं, तर साधी सरासरी १.०२५ येते आणि पहिला अडीच टक्के पुढे असल्याचा भास होतो. भूमितीय मध्य बरोबर १ येतो, म्हणजे बरोबरी. खरं तर अशी एकच संख्या काढूच नये असं आमचं मत आहे. सिंगल कोअर, मल्टिकोअर आणि गेम हे तीन वेगळे रकाने ठेवलेत तर निर्णय जास्त सोपा होतो.

दुसऱ्यांनी मोजलेले आकडे वापरणार असाल तर आधी चार गोष्टी शोधा: रॅमचा वेग आणि काड्यांची संख्या, ग्राफिक्स कार्ड, कूलर आणि चाचणीची आवृत्ती. यातली एकही दिलेली नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा. दोन कोपऱ्यांत फ्रेमरेट दाखवणारे आणि मोजणाऱ्याचा हात कुठेच न दाखवणारे व्हिडिओ तर करमणुकीपुरतेच.

पैसे कुठे जातात

भाव फक्त प्रोसेसरचा बघू नका, पूर्ण पीसीचा बघा. ८००० च्या प्रोसेसरमध्ये १००० रुपयांचा फरक साडेबारा टक्के वाटतो, पण ४५,००० च्या पीसीत तो जेमतेम सव्वादोन टक्के आहे. उलट, ज्यांच्याकडे आधीच जुना रायझन आणि चांगला एएम४ बोर्ड आहे, त्यांनी या तुलनेत फार वेळ घालवायची गरज नाही. बायोस अपडेट करून ५५०० किंवा थोडे जास्त देऊन ५६०० टाका, बोर्ड आणि रॅमचे पैसे वाचतात.

नव्याने सगळं घेणाऱ्यांनी त्या बोर्डावर पुढे कोणता प्रोसेसर बसेल तेही पाहावं. एलजीए१७०० बोर्डावर पुढे आय५-१२४००एफ किंवा १३४००एफ बसतो, पण सर्वांत स्वस्त एच६१० बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग कमकुवत असतो. त्यावर मोठा आय७ घालायचा बेत करू नका. एएम४ वर ५७००एक्स किंवा जास्त कॅशचा ५७००एक्स३डी बसतो. आय३-१३१००एफ आणि १४१००एफ ही नावं दिसली तर त्यांतही तेच ४ कोअर आहेत, टर्बो अनुक्रमे ४.५ आणि ४.७ गिगाहर्ट्झ. इथे सांगितलेला कल त्यांनाही लागू पडतो, आय३च्या बाजूने थोडा वाढून.

आमचा कौल: कार्ड लावून मुख्यतः गेम, ऑफिसचं काम, ब्राउझिंग, कोडिंगची सुरुवात, यासाठी आय३. ४ लेनचं कार्ड घेणार असाल तर निःसंशय आय३. ब्लेंडर, व्हिडिओ एन्कोडिंग, व्हर्च्युअल मशीन, स्ट्रीमिंग, मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणं, यासाठी ५५००. दोन्हीपैकी थोडं थोडं करायचं असेल आणि ५६०० चा भाव आवाक्यात असेल, तर या दोघांना बाजूला ठेवून तोच घ्या.

खरेदीच्या वेळी लॅमिंग्टन रोडवर असा की तुमच्या तालुक्याच्या दुकानात, भाव जीएसटीसह आहे का ते आधी विचारा, १८ टक्क्यांनी सगळं गणित पालटतं. ट्रे प्रोसेसर, म्हणजे डब्याशिवाय सुटा मिळणारा, थोडा स्वस्त पडतो, पण त्यासोबत कूलर येत नाही आणि डबाबंद प्रोसेसरची ३ वर्षांची कंपनी वॉरंटीही नसते. तिथे वॉरंटी फक्त दुकानदार देईल तेवढी. ५५०० सुटा घेत असाल तर उजेडात धरून पिनांच्या रांगा सरळ आहेत का ते बघा. पक्क्या बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘आय३ १२ जनरेशन’ किंवा ‘रायझन ५’ लिहिलं असेल तर बिल दुरुस्त करून मागा. आणि पीसी दुकानातच असेंबल होत असेल, तर निघण्यापूर्वी तिथेच सिनेबेंचची दहा मिनिटांची एक फेरी चालवायला लावा. आकडा वर दिलेल्या आकड्यांच्या आसपास आला नाही, तर कूलर पुन्हा बसवून आणि रॅमचं प्रोफाइल तपासूनच पैसे द्या.